स्पीकरवरचे फोन

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "हात तर कधी उचलला नाही ना त्यानं?" मी गप्प बसले. समोर असते तर बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते.

नाही उचलला. पण साडेचार वर्षांत मी तुमच्याशी एकदाही एकटी बोलले नाही. प्रत्येक फोन स्पीकरवर आणि तो शेजारी. आई, तू म्हणायचीस, जावई किती मनमोकळा! फोन ठेवला की "आईला असं का म्हणालीस?" यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत उलटतपासणी. माझा पगार त्याच्या खात्यात. भाजीला पावती नसते, म्हणून पिशवी ओट्यावर ओतून फोटो पाठवायचा. मावशीशी बोलू नको, असं त्यानं कधीच म्हटलं नाही. बोलल्यावर जे व्हायचं त्याच्या धास्तीनं मीच सोडलं. आणि वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय.

इथल्या संरक्षण अधिकारी मॅडमनी कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा समोर ठेवला. त्यात मानसिक आणि आर्थिक छळालाही हिंसाचारच म्हटलंय. त्या ओळीवर बोट ठेवून मी रडले.

आता तो तुम्हाला फोन करून रडतो, सुधारलोय म्हणतो. रडणं खरंही असेल. पण बाई घर सोडते तेव्हाच धोका वाढतो, असं मॅडमनी बजावलंय. माझ्या खोलीचा पत्ता त्याला देऊ नका, मी कामाला कुठं जाते तेही नको. त्यानं फोनसुद्धा करू नये म्हणून कोर्टात अर्ज दिलाय. आदेश मिळाल्यावर मोडला तर 1 वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आई, "मिटवून घ्या" एवढं मला म्हणू नकोस गं. त्या शब्दानं मी पुन्हा त्याच ओट्यापाशी जाते.

गेल्या आठवड्यात लक्ष्मी मंडईतून घेवडा आणला. पिशवी ओतली, मोबाईल काढला, फोटोही घेतला. मग लक्षात आलं, पाठवायचा कुणालाच नाही. किती तरी वेळ तशीच उभी होते. मग खाली बसून शेंगा निवडल्या. अशा दिवशी झोप लागत नाही. पण असे दिवस आता कमी झालेत.

जानेवारीत इथं सोलापूरला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला या, अक्षता सोहळा तिघं मिळून बघू. ज्वारी आणू नका, अजून आहे. आई, शेंगाची चटणी मात्र तुझ्याच हातची हवी.

तुमची,
ताई