न्यूट्रॉनवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला उपकरणापर्यंत पोहोचू द्या

माननीय अणुऊर्जा राज्यमंत्री महोदय,
स. न.

महाराष्ट्रातील एका विद्यापीठात मी भौतिकशास्त्र शिकवतो. माझ्या एका विद्यार्थिनीने दीड वर्ष खपून बोरॉनयुक्त चुंबकीय संयुग तयार केले. विभागाकडे प्रवासखर्चाची तरतूद नसल्याने त्याची पूड डबीत भरून दुसऱ्यांबरोबर न्यूट्रॉन विवर्तनासाठी (पदार्थावर न्यूट्रॉनचा झोत सोडून त्यातल्या अणूंची रचना पाहण्यासाठी) पाठवली आणि मोजमापांची फाइल ईमेलने मागवली. आलेखात शिखरे जवळपास नव्हतीच. नैसर्गिक बोरॉनमध्ये सुमारे २० टक्के बोरॉन-१० हा समस्थानिक असतो, तो न्यूट्रॉन शोषून घेतो. नमुना न्यूट्रॉन फारसे न शोषणारा बोरॉन-११ वापरून करायला हवा होता. चूक आम्हा दोघांची होती, पण उपकरणापाशी आठवडाभर काम केलेल्या कोणाही विद्यार्थ्याच्या हातून ती झाली नसती. पूड व्हॅनेडियमच्याच नळीत का भरतात, क्ष-किरणांना चिमूटभर पुरते तिथे न्यूट्रॉनला काही ग्रॅम का लागतात, कॅडमियमचा पत्रा नेमका कुठे लावायचा, हे व्याख्यान ऐकून अंगवळणी पडत नाही.

मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे), जिथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, उपकरणावर हात चालवून शिकण्याची ही परंपरा नवी नाही. १९५६ मध्ये तिथे अप्सरा अणुभट्टी सुरू झाली आणि अणुशास्त्रज्ञ डॉ. पी. के. अय्यंगार यांच्या पिढीने न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटर स्वतः बांधून हे शास्त्र आत्मसात केले. १९८५ मध्ये कार्यान्वित झालेली १०० मेगावॉटची ध्रुवा अणुभट्टी आजही न्यूट्रॉनचे झोत पुरवते. अमेरिकेत आरगॉन आणि ओक रिज या राष्ट्रीय प्रयोगशाळा पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना व्याख्यानांबरोबर प्रत्यक्ष उपकरणांवर प्रयोग करायला लावतात. आपल्या विद्यार्थ्यांनाही ते मिळावे.

माझी विनंती अशी की, ध्रुवावर दरवर्षी ठरलेल्या वेळी दोन आठवड्यांचा प्रात्यक्षिक वर्ग भरवावा, त्यातला निम्मा वेळ उपकरणांवर जावा आणि जागा बाराच असल्या तरी त्यातल्या काही राज्य विद्यापीठांसाठी राखून ठेवाव्यात. निवास आणि प्रवासाचा खर्च अणुऊर्जा विभागाने उचलावा, कारण नेमके तिथेच आमचे घोडे अडते. शिवाय हा परिसर संरक्षित असल्याने प्रवेशाच्या परवानगीची प्रक्रिया निवड होताच सुरू करावी.

माझ्या विद्यार्थिनीचा बोरॉन-११ वापरून केलेला नवा नमुना आता तयार आहे. तो नळीत तिने स्वतःच्या हाताने भरावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहिले आहे.

आपला नम्र,
भौतिकशास्त्राचा एक प्राध्यापक