पंखा बंद केल्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. गेल्या मे महिन्यातील त्या रविवारी तुमच्या वाचनालयाच्या बालविभागात तुम्ही जे केले, त्याचे आभार त्याच दिवशी मानायला हवे होते. परंतु घसा दाटून आला आणि मी चपला पायांत सरकवून तसाच जिना उतरलो. तोंडाने जमले नाही ते आज चारचौघांसमोर लिहून करतो आहे.

मी तोफखान्यात १६ वर्षे काढली. नाशिक रोडला प्रशिक्षण झाले आणि १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या लढाईत, द्रासला बोफोर्स तोफेवर होतो. चाळीस किलोंहून जड गोळा नळीत सारायचा, कानांत कापसाचे बोळे असले तरी तोंड उघडे ठेवायचे आणि पुढच्या हुकुमाची वाट पाहायची, असे दिवसरात्र चालले होते. त्यात डावा कान गेला आणि उजवा निम्माच उरला. पुढे डी.एड. करून १८ वर्षे शाळेत इतिहास शिकवला. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून मी वर्गात ओरडून बोलत असे आणि मुले मला पाठीमागे 'तोफ' म्हणत, हे मला निवृत्तीच्या निरोप समारंभात कळले.

गोष्ट सांगण्याची ओढ मला फार उशिरा लागली. नातीला झोपवताना सुरुवात झाली, मग शेजारची पोरे ओसरीवर येऊन बसू लागली. हे बाहेरही करून पाहावे म्हणून मी एक-दोन ठिकाणी गेलो. एका संस्थेने मला १५ ऑगस्टला बोलावले ते छातीवर पदके लावून व्यासपीठावर बसण्यासाठी. गोष्टीला पाच मिनिटे दिली आणि चौथ्या मिनिटाला घंटी वाजवली. दुसरीकडच्या एका गृहस्थांनी माझी भाषा 'जरा रांगडी' असल्याचे सांगून मला कथाकथनाची पुस्तके वाचण्याचा सल्ला दिला. त्यांचा राग आता उरलेला नाही असे लिहिणार होतो, पण ते खरे नव्हे.

तुम्ही मात्र मला पदके आणायला सांगितले नाही. किती वेळ घेणार, हेही विचारले नाही.

त्या दुपारी मी आपल्या चार हुतात्म्यांची गोष्ट सांगत होतो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ही नावे सोलापूरच्या पोरांना तोंडपाठ असतात, कारण त्यांच्या पुतळ्यांवरून रोजचा रस्ता जातो. मे १९३० मधला मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात झालेली फाशी हे मी वर्गात १८ वर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्या दिवशी प्रथमच गिरणीच्या भोंग्यापासून सुरुवात केली आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, नंदीध्वजांची मिरवणूक निघायच्या सुमारास, गावात ती बातमी कशी पसरली असेल, याच्याकडे वळलो. मुले हुंकार देत असावीत, कारण त्यांचे ओठ हलताना दिसत होते; पण डोक्यावरच्या पंख्याच्या घरघरीत मला काही ऐकू येत नव्हते. "काय म्हणालास?" असे मी दोनदा विचारले, तेव्हा मागची दोघे हसली आणि माझा धागा सुटू लागला.

तुम्ही उठलात, भिंतीपाशी जाऊन पंख्याचे बटण बंद केलेत आणि एक शब्दही न बोलता पुन्हा सतरंजीवर मुलांत येऊन बसलात. सोलापूरच्या मे महिन्यातली दुपारची तीनची वेळ! शेजारच्या लहान मुलीला तुम्ही पुस्तकांच्या नोंदवहीने वारा घालत राहिलात. पुढची चाळीस मिनिटे घाम पुसत सगळे बसले. एकही मूल उठले नाही.

आणि मग खिडकीजवळच्या बारक्या मुलाने अगदी हळू विचारले, "मग त्यांच्या आईला कुणी सांगितलं?"

मला तो प्रश्न पहिल्याच खेपेला ऐकू आला. उत्तर माझ्याजवळ नव्हते आणि मी तसे सांगितले. इतक्या वर्षांत हे मला कुणीही कसे विचारले नाही, असा विचार करत घरी गेलो. कदाचित विचारलेही असेल. मला ऐकू आले नसेल.

ताई, माझ्या बहिरेपणाची वाच्यता न करता, मुलांना दटावून गप्प न बसवता तुम्ही एवढेसे केलेत. द्रासला माझ्या तोफेवरचा एक सोबती असाच होता. माझ्या हाताला गोळ्याचा भार पेलवत नाही असे दिसले की तो काही न बोलता बाजू बदलून माझ्या जागी येई, आणि नंतर त्याचा विषयही काढत नसे. अशी माणसे फलकांवर कधी येत नाहीत, पण गाव त्यांच्यावरच चालते.

येत्या रविवारी मी डॉक्टर कोटणिसांची गोष्ट सांगणार आहे. सोलापुरात जन्मलेला हा मुलगा १९३८ मध्ये चीनला गेला आणि १९४२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारला. खिडकीजवळचा तो पठ्ठ्या पुन्हा तेच विचारणार, हे मला ठाऊक आहे. मी थोडा लवकर येईन आणि पंख्याचे बटण मीच बंद करीन. तुम्ही बसून राहा.

आपला,
एक निवृत्त हवालदार आणि निवृत्त मास्तर
सोलापूर