मुख्यमंत्री साहेब, चारच का? एवढं एकदा सांगा

मा. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे साहेब यांस,
पुणे, ४ ऑगस्ट २०२१

साहेब नमस्कार,

माझं लक्ष्मी रोडवर कापडाचं दुकान आहे, आजोबांनी सुरू केलेलं. दुकानं दुपारी चारलाच बंद करायच्या नियमाविरुद्ध काल आम्ही व्यापारी रस्त्यावर उतरलो त्याच्या बातम्या तुमच्यापर्यंत आल्या असतील. त्यावर काही लोक म्हणतायत की व्यापाऱ्यांना फक्त गल्ल्याचं पडलंय, म्हणून म्हटलं सविस्तर लिहूनच टाकावं.

कोरोना खोटा आहे असं आमच्यातलं कोणी म्हणत नाहीये. एप्रिलमध्ये पुण्यात बेड मिळत नव्हते, रेमडेसिविर इंजेक्शनसाठी माणसं मेडिकलच्या दारात तासन्‌तास उभी होती, आमच्या एका सेल्समनचे वडील त्याच दिवसांत गेले. तेव्हा तुम्ही बंद म्हणालात, आम्ही बंद केलं. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता, म्हणजे देशभर लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, आणि यंदाच्या पाडव्याला १३ एप्रिलला आम्ही दुकान बंद ठेवून घरी बसून रात्री साडेआठला तुमचं भाषण ऐकत होतो. दोन्ही वर्षांची अक्षय्य तृतीया गेली, दोन्ही लग्नसराया गेल्या. कापडवाल्याचं वर्षाचं गणित या दिवसांवर असतं साहेब, बाकीचे महिने नुसते भाडं आणि पगार निघण्यापुरते. कुरकुर झाली, आंदोलनंही झाली, पण शेवटी शटर खालीच राहिलं, कारण दिवसरात्र अॅम्ब्युलन्स ऐकू येत होत्या आणि बंद कशासाठी आहे ते कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

आता ते कारणच कळेनासं झालंय.

जूनमध्ये तुमच्याच सरकारने निर्बंधांच्या पाच लेव्हल केल्या, एक सगळ्यात सैल, पाच सगळ्यात कडक. त्याआधी ३ जूनला तुमचे मंत्री वडेट्टीवार साहेबांनी अनलॉक जाहीर केलं आणि काही तासांत सरकारकडूनच खुलासा आला की अजून निर्णय झालेला नाही, ते सोडून देतो. पण लेव्हलची पद्धत आम्हाला मनापासून पटली होती. पॉझिटिव्हिटी रेट किती, म्हणजे शंभर टेस्टमागे किती पॉझिटिव्ह, ऑक्सिजन बेड किती भरलेत, त्यावरून लेव्हल ठरणार, सरळ हिशोब, दुकानदाराला कळणारा. पुणे शहर ७ जूनला लेव्हल तीनमध्ये होतं, दुकानं चारपर्यंत. आकडे उतरले, १४ जूनपासून सात वाजेपर्यंत परवानगी मिळाली, लोकांना वाटलं चला, नियम पाळले की फळ मिळतं. आणि मग डेल्टा प्लस या कोरोनाच्या नव्या प्रकाराचं कारण देऊन सगळ्या राज्याला किमान लेव्हल तीन लावली, २८ जूनपासून आम्ही परत चारवर. तेव्हापासून शहराचा रेट पाच टक्क्यांच्या आत असला तरी त्याचा आमच्या घड्याळावर काही परिणाम होत नाही. मग दर शुक्रवारी कौन्सिल हॉलच्या कोरोना आढावा बैठकीत आकडे बघायचे कशासाठी?

आणि आता परवाचा आदेश. बऱ्याच जिल्ह्यांना रात्री आठपर्यंत मोकळीक, मुंबईत तर महापालिकेने दहापर्यंत केलं, आणि जिथे लेव्हल तीन तशीच ठेवली त्या ११ जिल्ह्यांच्या यादीत पुणे. जूनच्या आदेशात मोठ्या महापालिकांना वेगळं युनिट धरलं होतं, पुणे शहर वेगळं, पिंपरी-चिंचवड वेगळं, ग्रामीण वेगळं. आता अख्खा जिल्हा एकत्र धरला. हे का बदललं याचं उत्तर द्यायला कोणी तयार नाही. ग्रामीण भागात पेशंट जास्त असतील तर तिथे टेस्टिंग वाढवा, लसी जास्त पाठवा, आम्ही कधी नाही म्हटलं? पण जुन्नर-शिरूरच्या आकड्यावरून लक्ष्मी रोड चारला बंद करून नेमकी कुठली साखळी तुटते ते कळू दे.

चार वाजता बंद केल्याने काय होतं ते मी रोज बघतो. नोकरीवाला माणूस पाच-सहाला सुटतो, शनिवार-रविवार दुकानं बंद, मग त्याने खरेदी करायची कधी? तो हाफ डे टाकून येतो नाहीतर मोबाईलवर मागवतो. जे येतात ते सगळे दोन ते चारमध्ये येतात, शुक्रवारी तर विचारू नका. जी गर्दी दहा तासांत विरळ झाली असती ती दोन तासांत काउंटरवर चढते आणि पावणेचारला आम्ही गिऱ्हाईकाला बाहेर काढत असतो. हा नियम गर्दी कमी करायला केलाय की वाढवायला हेच समजत नाही.

दुसरीकडे लोकांच्या डोळ्यासमोर काय काय आहे बघा. एप्रिलमध्ये राज्यात निर्बंध असताना पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पोटनिवडणुकीत सभा झाल्या, सगळ्याच पक्षांच्या. १९ जूनला पुण्यात राष्ट्रवादीच्या ऑफिसच्या उद्घाटनाला तुडुंब गर्दी झाली. अजितदादांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली, गुन्हाही दाखल झाला, हे मान्य. पण आमच्याकडे सव्वाचारला शटर अर्धं उघडं दिसलं तरी पावती फाडतात, आणि दुकानातली विशीतली पोरं मला विचारतात की काका, कोरोना फक्त आपल्याकडेच येतो का? मी त्यांना काय सांगू? याच पोरांना मी लस घ्या, मास्क नाकावर घ्या म्हणून मागे लागतो. चार वाजताचा नियम त्यांना खोटा वाटायला लागला की मास्कचाही खोटा वाटतो, मला त्याचीच भीती आहे. तिसरी लाट खरंच आली आणि तुम्हाला खरंच बंद करायची वेळ आली तर हीच पोरं ऐकणार नाहीत.

म्हणून मागणी फक्त वेळ वाढवायची नाहीये, ती तर आहेच. डॉ. संजय ओक यांचा कोरोनासाठीचा डॉक्टरांचा टास्क फोर्स तुम्हाला जो सल्ला देतो तो लोकांसमोर ठेवा. दर आठवड्याला शहर, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीणचे आकडे वेगवेगळे छापा आणि कुठल्या आकड्याला काय उघडेल ते आधीच लिहा, म्हणजे आम्हालाही कळेल अजून किती थांबायचंय. आदेश रात्री उशिरा काढून सकाळपासून लागू करू नका, दोन दिवस तरी द्या, बाहेरगावच्या कामगारांना येऊ नको म्हणून कळवायला तेवढे लागतात.

रक्षाबंधन २२ तारखेला आहे, १० सप्टेंबरला गणपती. माल भरायचा की नाही हे मला याच आठवड्यात ठरवायचंय. पुणे शहराला मुंबईसारखंच वेगळं धरून नवा आदेश काढा, आणि नसेल काढायचा तर का नाही ते तुमच्या सहीनिशी लिहून द्या, मी ते दुकानाच्या दारावर लावीन.

आपला,
लक्ष्मी रोडवरचा एक कापड दुकानदार