फ्रीमाँटच्या (कॅलिफोर्निया) काकांना, क्लचच्या एका कॉलरबद्दल

काका, सा. न.

गाडी चालतेय! चढावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहिला, क्लच तसूभरही घसरत नाही. फोनवर हे सांगताना गळा दाटून आला आणि धड बोलताच आलं नाही, म्हणून लिहायला बसलो. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळायला हवं.

माझी गाडी डॅटसन २४०झी, १९७२ ची. १९७३ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली शेखर मेहतांनी जिंकली ती २४०झीमध्येच. बाबा ही गोष्ट इतक्या कौतुकाने सांगायचे की ती गाडी तेव्हापासून मनात बसली. इंजिनाची ताकद वाढवल्यावर मूळची २२५ मिलिमीटरची क्लच प्लेट पुरेना, म्हणून फ्लायव्हीलसकट (क्लच ज्याच्यावर बसतो ते इंजिनाचं जड चाक) २४० मिलिमीटरचा परफॉर्मन्स क्लच घेतला. त्यात रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) होतं, पण ते ज्या नळीसारख्या कॉलरवर बसतं ती कॉलर नव्हती.

दुकानात गाडीचं साल विचारलं, संगणकात पाहिलं आणि कॉलर पुढ्यात ठेवली. कॉलर २४०झीचीच होती, पण मूळच्या बुटक्या प्रेशर प्लेटसाठीची (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग), म्हणजे उंच. माझी नवी प्लेटच मुळात उंच. तिच्यावर उंच कॉलर चढल्यावर बेअरिंग कायम डायफ्रामवर, म्हणजे प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगवर, दाबून बसणार आणि क्लच घसरणार, दुसरं काय होणार? गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स चढवून दिला आणि म्हणाला, ‘नवीन आहे, रुळेल.’ जळका वास घेऊन परत गेलो तर म्हणाला, ‘तुम्हाला क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असणार.’ पैसे पूर्ण घेतले. ते वाक्य अजून सलतं. इतक्या आत्मविश्वासाने बोलणाऱ्या त्या माणसाने एकदाही पट्टी लावून पाहिली नव्हती.

तुमची-माझी ओळख म्हणाल तर मंडळाच्या गणपतीतली. तुम्ही गाडीचं साल विचारलंच नाही. पहिला प्रश्न होता, ‘प्रेशर प्लेट कुठली लावलीय?’ त्या एका प्रश्नात सगळं आलं. कॉलर गाडीची नसते, प्रेशर प्लेटची असते.

मग तुम्ही प्रेशर प्लेटचं कव्हर फ्लायव्हीलवर नीट आवळायला लावलंत, बेअरिंग डायफ्रामच्या बोटांवर ठेवलंत, कॉलरला ढकलणारा फोर्क जिथे टेकतो त्या कॉलरच्या कानांवर सरळ पट्टी आडवी धरलीत. या जुन्या झी गाड्यांत तिथून फ्लायव्हीलच्या घर्षणाच्या पृष्ठभागापर्यंत साधारण ९२ मिलिमीटर यायला हवेत. आणि इथे तुम्ही जे केलंत, त्यासाठीच हे पत्र आहे. पिंपरीच्या टूलरूमपासून जपलेला तुमचा व्हर्निअर, तो बारीक माप घेणारा, तुम्ही मलमलच्या फडक्याने पुसलात, माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, ‘तू माप. गाडी तुझी आहे.’ मी मापत असताना तुम्ही मुद्दाम दुसरीकडे बघत होतात. मी आकडा सांगितला. मग तुम्ही स्वतः मापलंत, मान हलवलीत, म्हणालात, ‘बरोबर. काही मिलिमीटर जास्त आहे. तुझ्या पायाचा काही दोष नाही.’

काका, इतक्या दिवसांत माझ्यावर विश्वास ठेवणारे तुम्ही पहिले.

बुटकी कॉलर तुमच्याच खोक्यात निघाली. बेअरिंग प्रेसवर बसवताना जोर आतल्या कड्यावरच येईल इकडे तुमचं किती लक्ष होतं! पुन्हा माप घेतलं, ९२ आलं. पैशांचं नाव काढलं तर तुम्ही रागावलात.

ज्ञान पुष्कळांकडे असतं. पण समोरच्याला कमी न लेखता ते देणारी माणसं थोडी, आणि ती बहुधा काउंटरमागे नसतात, आपल्याच गल्लीत राहतात. त्या दुकानाचं नाव मी लिहीत नाही. तुमचंही लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही म्हणून.

ती उंच कॉलर मात्र नवी कोरीच आहे. २२५ ची मूळ प्लेट असलेलं कुणी तुमच्याकडे आलं तर मला कळवा, मी आणून देईन. येत्या रविवारी गाडी घेऊन येतो, या वेळी तुम्ही चालवायची. काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
२४०झीवाला