पहिला भाग तुमच्याविना

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर सांगायचा धीर झाला नाही म्हणून लिहिते. मुलांना ‘स्टार वॉर्स’चा पहिला भाग, १९७७ चा, आम्ही या शनिवारीच दाखवतोय. तुम्ही आल्यावर दाखवायचं ठरलं होतं, विसरले नाहीये. पण ओवीच्या वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत व्हेडर, म्हणजे तो काळ्या मुखवट्याचा खलनायक, होतो. तोंडापुढे ओंजळ धरून घरघर श्वास घेतो म्हणे. अजून श्वासावरच भागतंय. उद्या दुसऱ्या भागात व्हेडर नायक ल्यूकला म्हणतो ‘ते’ वाक्य, “मीच तुझा बाप”, म्हणाला तर सगळंच मुसळ केरात! शिवाय तुमचा मुक्काम थोडका, आणि लागोपाठ दोन चित्रपट धाकट्याला झेपायचे नाहीत. म्हणून पहिला आत्ता उरकतो. दुसरा, १९८० चा, तुमच्यासाठी राखून ठेवलाय. खरी गंमत त्यातच आहे की नाही, तुम्हीच सांगा.

आठवतंय ना? रात्री अंथरुणात मी सारखी विचारत होते, “बाबा, व्हेडर खोटं बोलतोय ना?” आणि तुम्ही आपले “पुढची कॅसेट आणू दे” एवढंच. व्हेडरला आवाज देणाऱ्या जेम्स अर्ल जोन्सलाही ती ओळ वाचून तो खोटं बोलतोय असंच वाटलं होतं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. ओवी तेच विचारेल तेव्हा उत्तर न द्यायला तुम्हीच हवेत. मला नाही जमणार, मी लगेच सांगून टाकीन.

आता क्रमाचं. तुम्ही म्हणाल, एक नंबरपासून सुरुवात करा. नाही बाबा. एक नंबर दिलेला तो १९९९ चा भाग आधी दाखवला तर तो गोड अनाकिन, ल्यूकचा बाप, पुढे व्हेडर होतो हे आधीच कळणार, मग धक्का कसला उरला? १९७७, १९८०, १९८३, आपण पाहिले त्याच क्रमाने. यावर चर्चा नको.

आई, तुझी काळजी रास्त आहे. मी आधी एकटीने पाहून घेतलाय. ल्यूकच्या काका-काकूंच्या जळलेल्या घराचा प्रसंग पुढे सरकवणार, गुत्त्यातल्या तुटलेल्या हाताचाही. आणि २००५ चा भाग मोठी होईपर्यंत अजिबात नाही. त्यात अनाकिन लहान लहान शिष्यांवर तलवार उगारतो. मालिकेत अमेरिकेत पीजी-१३, म्हणजे तेराखालच्या मुलांच्या पालकांना सावधगिरीचा इशारा, मिळालेला तो पहिलाच, उगाच नव्हे. श्वासाची भीती मात्र गेली. बेन बर्ट नावाच्या माणसाने पाणबुडे श्वास घ्यायला वापरतात त्या उपकरणात माइक घालून तो आवाज टिपला, असं धाकट्याला सांगितलं. तेव्हापासून आंघोळीच्या मगात तोंड घालून तो मलाच घाबरवतोय.

बाबा, भीतीच्या जागी तुम्ही माझ्या डोळ्यांवर हात धरायचात आणि दोन बोटांत मुद्दाम फट ठेवायचात. मला वाटायचं, तुमच्या लक्षातच येत नाही. शनिवारी मी तसंच करून बघणार आहे, पण माझी बोटं तुमच्याएवढी रुंद कुठे!

इथे तुमची काही गैरसोय होणार नाही. ताठ पाठीची खुर्ची टीव्हीसमोर आणून ठेवलीय, गुडघ्याखाली उशी आहे, आवाज कमी आणि खाली मोठी अक्षरं लावू. दोन तासांचा चित्रपट, मध्ये थांबवू. आईने कंटाळा आला तर खुशाल झोपावं, नेहमीसारखं. गोळ्यांची वेळ मात्र चुकवायची नाही. दोघांनीही. मी विचारणार आहे.

आणि डोळे तपासून या. सुरुवातीची ती पिवळी अक्षरं वर सरकत जातात, ती मोठ्याने वाचून मुलांना अर्थ सांगायचं काम तुमचं. जुन्या चष्म्याने अर्धी निघून जातील. “येऊन करतो” चालणार नाही. तारीख ठरली की कळवा.

तुमची,
मनू

ता. क. आई, तपकिरी टॉवेल आणि टेबलफॅनची हकिकत मुलांना सांगायची नाही. धाकटा करून बघेल.