इंदूरची पिकअप: टोकन देण्याआधी

एडमंटन, कॅनडा

ती. दादास सा. न. वि. वि.

तू घ्यायची म्हणतोस त्या जुन्या गाडीचे फोटो मिळाले. २०१८ ची बोलेरो पिकअप, एमपी ०९ (इंदूर) पासिंग, २ लाख ६० हजार किलोमीटर, आणि दलालाचं ठरलेलं वाक्य, 'एक हाती, कंपनी मेंटेन'. आकडा ऐकून बाबा नको म्हणतायत. माझं मत असं की आकड्यावरून गाडी सोडू नकोस आणि फोटोंवरून घेऊही नकोस. डिझेल इंजिन नुसत्या अंतराने संपत नाही. ते ओव्हरलोडने, ऑइल लांबवल्याने आणि तापमानाचा काटा वर गेला तरी हाकत राहिल्याने संपतं. इथे पाच लाख किलोमीटरवर गेलेल्या कमिन्स इंजिनाच्या पिकअप गिऱ्हाईक शोधून घेतात, पण इथे रस्त्यावर मीठ टाकतात आणि चेसिस गंजून जाते. इंदूरच्या गाडीला गंजाची भीती कमी, वजनाची जास्त. तेव्हा मालकाला आधी विचार, गाडी कुरिअरला होती की चोइथराम मंडीला. देवास-भोपाळ रस्त्यावर खोकी वाहिलेले अडीच लाख आणि मंडीत दीड टनाच्या गाडीत अडीच टन कांदा भरून काढलेले अडीच लाख, यांत फार अंतर आहे.

राजेंद्र नगरहून मामांना सोबत घे. ते घासाघीस चांगली करतात. पण मालकाला सांगून ठेव की सकाळी येतोय, गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेट उघडून इंजिनाला हात लाव. कोमट लागलं तर चहा प्या, पोहे-जलेबी खा आणि दुसऱ्या दिवशी या. गरम इंजिन सगळं लपवतं.

थंड इंजिन सुरू होताना मामांना सायलेन्सरमागे उभं कर. पांढरा धूर येऊन मिनिटभरात विरला तर चालेल, ते न जळलेलं डिझेल. पांढरा धूर थांबेचना आणि वास गोडसर असेल तर कूलंट जळतंय, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) गेलंय किंवा हेडला तडा. निळा धूर म्हणजे ऑइल. काळा धूर मात्र एवढा घाबरवणारा नाही. चोंदलेला एअर फिल्टर, फाटलेला टर्बोचा पाइप, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह) अशी स्वस्त कारणंही असतात. पण इंजेक्टरही असू शकतो, म्हणून नोंद करून ठेव.

मग इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण काढ आणि तिथेच उलटं ठेव. थोडं थरथरेल, डिझेलला तेवढं चालतं. झाकण उडून पडलं, भसाभसा धूर आला किंवा डिपस्टिकच्या नळीतून ऑइल फेकलं गेलं, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळतोय. रिंगा-लायनर गेले, इंजिन बांधावं लागणार. अशी गाडी मी तरी बघत बसणार नाही. ऑइल काळं दिसलं म्हणून मामा नाक मुरडतील, त्यांना सांग की डिझेलचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं पडतं. झाकणाखाली दुधाळ चिकटा असेल तर पाणी मिसळतंय. डिपस्टिकवर पातळी खुणेच्या वर असून डिझेलचा वास येत असेल तर एखादा इंजेक्टर गळतोय, आणि पातळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत.

कूलंटच्या डबीचं झाकण थंड असतानाच उघड. हिरवा-गुलाबी रंग असेल तर बरं. गंजलेलं साधं पाणी दिसलं तर रेडिएटर आतून बसत आलेला समज. सुरू केल्यावर दोन मिनिटांत वरचा होज पाइप दगडासारखा कडक झाला किंवा डबीत सतत बुडबुडे आले, तर कॉम्प्रेशन पाण्यात शिरतंय.

आता टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. एअर फिल्टरकडून येणारा पाइप सोडून शाफ्ट बोटाने हलव. बाजूला किंचित हलला तर चालेल, पुढे-मागे हलता कामा नये, आणि पात्यांनी आतली भिंत घासलेली नसावी. पाइपात ऑइलचा ओलावा ठीक, डबकं नको.

सगळ्यात जास्त पैसे बीएस ४ गाडीच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या पंप-इंजेक्टरमध्ये अडकतात. ही तपासणी मालकाच्या मेकॅनिककडून करू नकोस, मामांच्या ओळखीचा कुणी डिझेल पंपवाला घे. त्याला इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करायला सांग: चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडून आयडलवर ठरावीक वेळ चालवायचं. एक बाटली इतरांपेक्षा खूप भरली तर तो इंजेक्टर गेला. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर असेल तर तांब्याचा वॉशर फुंकतोय. हे काम छोटं, पण दुर्लक्ष केलं तर हेडमधली बैठक खराब होते. शेवटी डिझेल फिल्टर उतरवून त्यातलं डिझेल पांढऱ्या कपड्यावर ओत. धातूचा चकाकणारा चुरा दिसला तर व्यवहार तिथेच संपला. पंप स्वतःला खातोय, आणि तो चुरा रेल, इंजेक्टर, टाकी सगळीकडे पोचलेला असतो. इथे २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनाच्या पिकअपमधला सीपी४ हा डिझेल पंप याच दुखण्यासाठी बदनाम आहे.

रिकाम्या गाडीची ट्रायल म्हणजे वेळ घालवणं. हौद्यात सात-आठशे किलो टाकून महूवरून मानपूरच्या पुढे घाट उतरा आणि परत चढा. उतरताना गिअर न्यूट्रलला उडी मारतो का बघ. तळाशी रेस दिल्यावर निळा ढग आला तर टर्बोचं किंवा वॉल्व्हचं सील. चढताना तापमानाच्या काट्यावर नजर ठेव. सपाटीवर चौथ्या गिअरमध्ये चाळीसवर पूर्ण रेस दे, आवाज वाढला आणि वेग नाही तर क्लच प्लेट. रेस सोडता-देताना खालून टक्क झालं तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, ते स्वस्त आहेत. एका ठरावीक वेगाला मागून घरघर आली तर डिफरन्शियल, ते स्वस्त नाही. परतल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिट-दोन मिनिटं आयडलवर राहू द्या, टर्बोला ऑइल मिळत राहू दे.

खाली शिरायचा कंटाळा करू नकोस. कमानीचे (मागच्या स्प्रिंगचे) पाटे मोज. कंपनीपेक्षा जास्त असतील तर मालक काहीही म्हणो, गाडीने जास्त वजन वाहिलंय. केबिनच्या मागे आणि पाट्यांच्या हँगरजवळ चेसिसला तडा, वेल्डिंग किंवा तेवढ्याच भागात ताजा काळा रंग दिसला तर मी ही गाडी नको म्हणेन. घाटात माल भरलेला असताना ते वेल्डिंग सुटलं तर काय, हा विचार कर. टायर एका कडेने झिजले असतील तर ॲलाइनमेंट किंवा वाकलेला ॲक्सल.

मीटरवर विश्वास नको. चेसिस नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपात सर्व्हिसची नोंद काढ. 'कंपनी मेंटेन' किती खरं तेही तिथेच कळेल. 'एक हाती' आहे का ते परिवहनच्या ॲपवर दिसतं.

कागद. आरसीवर एकूण वजन पाहा. ३००० किलोपर्यंत माल परवाना लागत नाही, वर लागतो. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. गाडी धुळ्याला न्यायची म्हणजे इंदूर आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), फॉर्म २८. मग नावावर करायला २९ आणि ३०. कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५. ई-चलन आधी फेडून घे, नाहीतर एनओसी अडते. महाराष्ट्रात टॅक्स पुन्हा भरावा लागेल, तो भावातून वजा धर. आणि विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज दे.

बीएस ६ गाडीचं आमिष कुणी दाखवलं तर एवढंच बघ की शहरात थांबत-थांबत चाललेली नसावी. तशा वापरात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोंदतो.

पहिल्याच महिन्यात ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि गिअर-डिफरन्शियलचं ऑइल बदलायचं, मालकाने कालच बदललं म्हटलं तरी. त्याशिवाय किमतीच्या पाचव्या हिश्शाइतके पैसे बाजूला ठेव. तेवढे उरत नसतील तर गाडी परवडत नाही, मग ती कितीही चांगली असो. मामांना म्हणावं, सापडलेला प्रत्येक दोष कागदावर लिहून त्याच्यापुढे दुरुस्तीचा आकडा टाका आणि मगच भावाला बसा. फिल्टरमधल्या डिझेलचा, पाट्यांचा आणि आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठव. तोपर्यंत टोकन देऊ नकोस, पाचशे रुपयांचंसुद्धा.

आई-बाबांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा