नाटक चालवायचं शिक्षण

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की आईला कुकरची शिट्टी ऐकू येते आणि बाबा "बघू" म्हणतात, म्हणून लिहितेय. कला आणि मनोरंजन व्यवस्थापनात एम.ए. करायचं माझ्या मनात आहे. नाटकात काम करायला नव्हे, नाटक चालवायला.

बाबा, "त्याला पदवी कशाला?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे. आमच्या नाट्यसंस्थेचे मॅनेजरकाका कुठल्या कॉलेजात गेले? नाट्यगृहाच्या तारखा, जाहिरात, बस, सेटचा टेम्पो, प्रयोगानंतर प्रत्येकाच्या हातात नाईटचं, म्हणजे त्या प्रयोगाच्या मानधनाचं, पाकीट, सगळं एका वहीत आणि उरलेलं त्यांच्या डोक्यात. मला जे येतं ते त्यांच्यामुळेच. पण तिकीटविक्रीचा प्लॅन उघडल्यावर मागच्या रांगा भरल्या नाहीत की आम्ही पावसाला, परीक्षांना नाहीतर क्रिकेटला बोल लावतो. जो आलाच नाही त्याला का आला नाहीस, हे कोण विचारतं? निधी कसा उभारायचा, हक्कांचे करार कसे वाचायचे, हेही ठेचा खातच शिकायचं.

बालगंधर्वांचं उदाहरण तुम्ही मला घाबरवायला दिलंत. १९१३ साली त्यांनी, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडसांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे ते दोघे बाहेर पडले, मंडळीचा थाट वाढत गेला आणि कर्जही. मला तर त्यातून माझीच बाजू दिसते! गाणं कुठे कमी पडलं होतं?

अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाचा मनोरंजन उद्योग व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, पहिलं वर्ष पिट्सबर्गला, दुसरं लॉस एंजेलिसला. सिनेमा-टीव्हीच्या धंद्यात शिरायचं तर उत्तमच, पण मला स्टुडिओत जायचं नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजचा कला आणि सांस्कृतिक व्यवस्थापनाचा एम.ए. एका वर्षात होतो. एक वर्ष कमी म्हणजे खर्चही कमी, शिवाय नाटक तिथे रोजचं. माझा कल तिकडे आहे.

आता पैसे. साडेसात लाखांच्या वर कर्ज गेलं की बँका सहसा तारण मागतात, हे बँकेत जन्म काढलेल्या माणसाला मी काय सांगू. घर तारण ठेवायचं नाही, हे माझ्याकडून पक्कं. माझी शिल्लक, शिष्यवृत्ती आणि विनातारण जेवढं मिळेल तेवढ्यात बसलं तरच.

आई, तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आधी. वर्ग सप्टेंबरात सुरू होतात. तोवर तू जिना चढायला लागली नाहीस तर प्रवेश पुढच्या वर्षी. आणि स्थळांचं म्हणशील तर त्यांना थांबायला सांग, नाहीतर जाऊ दे.

बाबा, सोबत हप्त्यांचा तक्ता जोडलाय. लंडनचा पगार धरलेला नाही, परत येऊन इथल्या नाट्यसंस्थेत जे मिळेल तेच धरलंय. हप्ता झेपतो का, एवढं लाल पेनाने तपासून पाठवा. नाही झेपला तर अर्ज करत नाही.

तुमची,
मनू